कॅन्ससमधल्या गुरांच्या गावाचा इतिहास कसा उलगडावा

गुरांचं गाव म्हणजे टेक्सासहून हाकत आणलेली गुरं जिथे रेल्वेत चढवली जात ते गाव. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं असं गाव का वसलं आणि का ओसरलं हे शोधताना पिस्तुलबाज मार्शलांच्या गोष्टींपासून सुरुवात करू नका. कॅन्ससचा नकाशा घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि तीन रेषा आखा: टेक्सासहून येणारी गुरांची वाट, रेल्वेमार्ग आणि क्वारंटाईनची हद्द, म्हणजे रोगाच्या भीतीने टेक्सासच्या गुरांना जिथे कायद्याने बंदी होती त्या पट्ट्याची सीमा. वर्षाला एक कागद. १८६७, १८७२, १८७६ आणि १८८५ एवढे चार पुरतात.

पहिल्या कागदावर अ‍ॅबिलीन. गुरांचा व्यापारी जोसेफ मॅकॉय याने पुढे कॅन्सस पॅसिफिक म्हणून ओळखल्या गेलेल्या रेल्वेलगत गुरांचे वाडे बांधले आणि सप्टेंबर १८६७ मध्ये तिथून पहिली गुरांची गाडी सुटली. पण तुमच्या कागदावर हे गाव बंदी असलेल्या पट्ट्यात पडेल. आखणी चुकलेली नाही. कायदा होता, अंमल नव्हता.

तिसरी रेषा बहुतेक जण विसरतात, आणि सगळा उलगडा तिच्यातच आहे. टेक्सासची लाँगहॉर्न (लांब शिंगांची) गुरं ठणठणीत असत, पण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे वाटेवरची स्थानिक गुरं टेक्सास फीव्हर या गुरांच्या तापाने मरत. गोचिडांचा दोष १८९३ मध्ये सिद्ध झाला. शेतकऱ्यांना मेलेली जनावरं त्याआधीच दिसत होती. शेती पश्चिमेकडे सरकली तशी हद्दही सरकली. १८७२ मध्ये अ‍ॅबिलीनकरांनीच कळपवाल्यांना दुसरीकडे जा म्हणून कळवलं आणि विचिटाचं फावलं. १८७६ मध्ये विचिटा बंदीच्या हद्दीत गेलं, डॉज सिटीला भर आला. १८८५ मध्ये अख्खं राज्यच बंद. ही गावं ओसरली म्हणून काटेरी तारेच्या कुंपणांना सगळा दोष देणारे हे कागद एकदा एकावर एक ठेवून बघोत.

लोकसंख्येचे आकडे जपून वापरा. १८७० आणि १८८० ची केंद्रीय जनगणना १ जूनची, तर १८७५ आणि १८८५ ची राज्याची १ मार्चची. मार्चमध्ये कळप टेक्सासातच असत, म्हणजे गावात गुराखी नाहीत. दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली तर नसलेली घट दिसेल. गुरांचंही तसंच: आलेली आणि रेल्वेने गेलेली वेगळी मोजा, कारण कित्येक कळप विकले जाऊन पायीच उत्तरेला जात. रेल्वेच्या वॅगनींची संख्या मिळाली तर वॅगनीला साधारण २० गुरं धरा.

शेवटी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे, ज्यांत गावातली एकेक इमारत दाखवलेली असते. पिवळी इमारत लाकडी, गुलाबी विटांची. एकाच रस्त्याचे दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवा आणि सलूनच्या जागी पुढे काय लिहिलंय ते घरागणिक टिपा.