पॉवर वीडर सारखा बंद पडतोय? आधी या चुका टाळा

पॉवर वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खोदून तण काढणारं छोटं मशीन, बंद पडलं की पहिला आळ इंजिनावर येतो आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला जातो. त्याआधी ऑइल, हवा आणि पाती बघा. बिघाड बहुधा तिथेच सापडतो.

नवीन मशीन बऱ्याचदा ऑइलविना येतं. तसंच चालवलं तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो. ७ एचपीच्या फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिनाला साधारण ६०० मिली ऑइल लागतं. पातळी बघताना मशीन सपाट उभं करा. पात्यांवर टेकून झुकलेल्या वीडरची ऑइल मोजायची पट्टी खोटं माप दाखवते. बहुतेक छोट्या इंजिनांत पट्टी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. पुस्तिकेत एकदा खात्री करा. पहिलं ऑइल सुमारे २० तासांनी बदला, तेही इंजिन कोमट असताना, म्हणजे नव्या भागांचा झिजलेला कीस ऑइलबरोबर बाहेर येतो. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. असं मशीन उतारावर अचानक बंद पडून सपाटीवर पुन्हा चालू होत असेल तर बहुधा बिघाड नसतो, ऑइल कमी असतं.

एअर फिल्टरकडे मात्र कुणी बघत नाही. धुळीच्या रानात तो रोज उघडावा लागतो. स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. ऑइल बाथ फिल्टर (वाटीतल्या ऑइलात धूळ अडकवणारा) असेल तर वाटीत खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि निळसर पांढरा धूर येतो. काळा धूर आणि काजळीने माखलेला स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) म्हणजे फिल्टर तुंबलाय किंवा चोक (थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी झडप) अर्धवट बंद राहिलाय. प्लग साफ करून त्याच्या टोकांमधली फट ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. फिल्टर काढून 'तेवढ्या दोन ओळी' मारणं सगळ्यात महाग पडतं. धूळ सिलिंडर आणि रिंगा खाते. मग ऑइल जळायला लागतं, ताकद जाते.

इंजिन नीट चालू होतं, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं? टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर झाकणाचं बारीक छिद्र चिखलाने बुजलंय.

मशीन उड्या मारत पुढे पळतं, माती खोदत नाही, तेव्हा बहुधा पाती उलटी बसलेली असतात. डावी-उजवी पाती वेगळी असतात आणि फिरताना धार आधी मातीत शिरली पाहिजे. पाती बरोबर असतील तर मागचा खोलीचा दांडा एक भोक खाली घ्या.

ओल्या रानात वीडर घालू नका. मुठीत मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे; चपटा झाला तर थांबा. नाहीतर ढेकळं होतात, खाली थर कडक होतो आणि क्लचचा पट्टा घसरून जळतो.

रोटरच्या (पाती बसवलेल्या फिरत्या भागाच्या) दांड्याला गुंडाळलेली हरळी आणि सुतळी ऑइल सील (गिअर ऑइल आत अडवणारी रिंग) कापते. मग गिअर ऑइल गळतं, हे लक्षात येईपर्यंत गिअर वाजायला लागतात. दोन-चार फेऱ्यांनी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि विळ्याने गुंडाळा कापून टाका. नुसता क्लच सोडून हात घालू नका. रिव्हर्स घेताना रोटर फिरत असेल तर पाती थेट पायाकडे येतात. त्या वेळी रोटर न्यूट्रल असलाच पाहिजे.

टू स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं: २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ ला २० मिली. मिश्रण वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत ओता.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट थर होतो आणि कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) बुजतो. मग पुढच्या हंगामात मशीन फक्त चोकवर चालतं.