मिश्रधातूंचा फेज डायग्राम काढताय? या चुका टाळा

फेज डायग्राम म्हणजे कोणत्या तापमानाला आणि प्रमाणाला मिश्रधातू कोणत्या रूपात (फेजमध्ये) असतो याचा नकाशा. त्याचा हिशेब चुकला तरी प्रोग्राम सहसा एरर देत नाही. तो सुबक रेषांचं चुकीचं चित्र देतो, आणि धोका तिथेच आहे. म्हणून पूर्ण आकृतीच्या मागे लागण्याआधी एकच तापमान निवडा आणि प्रत्येक फेजचा गिब्ज ऊर्जेचा (जी सगळ्यात कमी असेल ती अवस्था टिकते) वक्र काढून बघा. खालच्या बऱ्याचशा चुका तिथेच पकडल्या जातात. उदाहरणाला चांदी-तांबं घेऊ. फेज दोनच आहेत, द्रव आणि एफसीसी (घनाकृतीच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू असलेली स्फटिकरचना) घन, तरी चुकायला भरपूर वाव आहे.

संदर्भ पातळी

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. द्रवाची ऊर्जा शुद्ध द्रव धातूंपासून मोजली आणि घनाची शुद्ध घन धातूंपासून, तर दोन्ही वक्र कडांना, म्हणजे शुद्ध धातूंपाशी, शून्यावर येऊन मिळतात. म्हणजे शुद्ध चांदी कुठल्याही तापमानाला द्रवही असते आणि घनही, असं तुम्ही प्रोग्रामला सांगून बसता. प्रत्येक धातूला एकच संदर्भ हवा. एफसीसी घन शून्य धरा आणि द्रवाला कडेवर वितळण्याची एन्थाल्पी गुणिले (१ − तापमान ÷ द्रवणांक) एवढी उंची द्या. चांदीची ही एन्थाल्पी मोलमागे साधारण ११.३ किलोज्यूल आणि द्रवणांक १२३५ केल्विन आहे. तेव्हा १००० केल्विनला द्रवाचा वक्र चांदीच्या कडेवर सुमारे २१५० ज्यूल वर दिसला पाहिजे. तयार आकृतीत चांदी ९६२ आणि तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळत नसेल, तर बाकी काही तपासत बसू नका, आधी इथे या.

हरवलेली दुसरी एफसीसी

चांदी आणि तांबं घनरूपात एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, पण दोघांची रचना एफसीसीच. म्हणून घनाचा वक्र एकच असतो, मध्ये उंचवटा आणि दोन बाजूंना दोन खळगे असलेला. कोड फक्त द्रव आणि घन यांच्यातल्या सामाईक स्पर्शिका (दोन वक्रांना एकाच वेळी टेकणाऱ्या रेषा; टेकण्याचे बिंदू म्हणजे समतोलातल्या दोन फेजची प्रमाणं) शोधत असेल, तर या दोन खळग्यांना टेकणारी स्पर्शिका सुटून जाते. लक्षण ओळखायला सोपं आहे: ७८० अंशांवरची युटेक्टिकची (द्रव एकाच तापमानाला दोन घनांत गोठतो त्या बिंदूची) आडवी रेषा गायब होते आणि दोन्हीकडच्या लिक्विडस रेषा (ज्यांच्या वर सगळं द्रव असतं) एकमेकींना ओलांडून खाली धावत सुटतात.

एकाच फेजला दोन वेगवेगळ्या संघटनांपासून (घटकांच्या प्रमाणांपासून) सुरुवात करून द्या. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे सगळ्या वक्रांवर बारीक अंतरावर बिंदू घेऊन त्यांचा खालचा कॉन्व्हेक्स हल काढणे, जणू बिंदूंच्या खालून ताणून बसवलेला दोरा. दोरा जिथे वक्र सोडून सरळ जातो तिथे दोन फेज. न्यूटनची पद्धत (अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारत उत्तराकडे नेणारी) त्यानंतर, उत्तर नेमकं करण्यासाठी वापरा. एका अंदाजावरून थेट सुरू केली तर ती जवळच्या खळग्यात अडकते.

चिन्ह उलटं पडणं

रेडलिक-किस्टर बहुपदीत, म्हणजे मिसळण्याची जादा ऊर्जा मांडणाऱ्या सूत्रात, विषम पदं दोन घटकांच्या प्रमाणांतल्या फरकावर अवलंबून असतात. घटकांचा क्रम बदलला की त्यांचं चिन्ह बदलतं. युटेक्टिक तापमानाला चांदीत सुमारे १४ अणू-टक्के तांबं विरघळतं, तांब्यात चांदी मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच. तुमच्या आकृतीत याच्या उलट दिसलं तर पहिला संशय या चिन्हाचा घ्या. कुणाचे आकडे उचलताना त्यांनी कोणता धातू आधी धरला आहे ते पाहूनच उचला.

एककांचं थोडक्यात: सूत्रात केल्विन, आणि अक्षावर अणू-टक्के की वजन-टक्के ते स्पष्ट लिहा. इथल्या युटेक्टिकमध्ये तांबं वजनाने २८.१ टक्के आहे, तेच अणूंनी ३९.९ टक्के होतं. अणू-टक्क्यांच्या अक्षावर लिव्हर रूल (दोन फेज किती-किती आहेत ते काढायचा नियम) लावला तर उत्तर मोलचं येतं, वजनाचं नाही.

पायकॅल्फॅड ही फेज डायग्राम काढायची पायथन लायब्ररी वापरत असाल आणि घन फेज उगवतच नसतील, तर घटकांच्या यादीत 'व्हीए', म्हणजे रिक्त जागा, लिहायची राहिली आहे का ते बघा. टीडीबी फाइलमध्ये (फेजच्या ऊर्जेचे आकडे ठेवणाऱ्या) एफसीसीची दुसरी उपजाली (स्फटिकातल्या जागांचा गट) बहुधा याच रिक्त जागांची असते. त्या नसतील तर ती फेज मुकाट्याने वगळली जाते.

हिशेब एकदा मुद्दाम ४००० केल्विनपर्यंत चालवा. तापमानाबरोबर वाढणारा, दोन धातूंमधल्या परस्परक्रियेच्या ऊर्जेचा गुणांक १६.६ ज्यूल प्रति मोल-केल्विनहून जास्त वेगाने वाढत असेल, तर द्रव वर जाऊन पुन्हा दोन भागांत फुटतो. असा गुणांक कमी तापमानाच्या मोजमापांशी छान जुळत असला तरी टाकून द्या.

आलेख काढताना प्रत्येक सीमारेषेचे बिंदू वेगळ्या मालिकेत ठेवा आणि तापमानाच्या क्रमाने जोडा. सगळे एकत्र करून संघटनेच्या क्रमाने लावले तर रेषा नागमोडी उड्या मारतात. प्रमाण नेमकं ० किंवा १ घेऊ नका, लॉगरिदम कोसळतो. युटेक्टिक रेषेपाशी सॉलिडस (जिच्या खाली द्रव उरत नाही) आणि सॉल्व्हस (घनात विरघळण्याची मर्यादा) या रेषा जिथे मिळतात तिथे दोन्ही रेषा मनातल्या मनात पुढे वाढवून बघा. त्या दोन-फेजच्या भागात शिरल्या पाहिजेत. एका फेजच्या भागात घुसत असतील तर हिशेबात नक्की खोट आहे.

लोह-कार्बनच्या बाबतीत मात्र हिशेब बरोबर असूनही आकृती वेगळी येऊ शकते. खरा समतोल ग्रॅफाइटशी असतो आणि तेव्हा युटेक्टॉइड (एक घन दोन घनांत फुटतो तो बिंदू) ७४० अंशांच्या आसपास येतो. पोलादासाठी नेहमी वापरला जाणारा ७२७ अंशांचा आकडा सिमेंटाइटचा (लोह कार्बाइडचा) आहे. तो हवा असेल तर फेजच्या यादीतून ग्रॅफाइट काढून टाका.