गेम बॉयवर पहिला स्वतःचा कोड चालू करताना

१९८९ च्या मूळ गेम बॉय या हातातल्या गेमयंत्रात वीज येताच आधी २५६ बाइटचा अंतर्गत बूट रॉम (यंत्रातच कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम) चालतो. तो कार्ट्रिजमधला (यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीतला) ०१०४ ते ०१३३ (इथले सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात) हा ४८ बाइटचा लोगो स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहतो, मग हेडरची (कार्ट्रिजबद्दलच्या माहितीच्या भागाची) बेरीज, म्हणजे चूक पकडणारा तपास-आकडा (चेकसम), तपासतो. एक बाइट जरी चुकला तरी यंत्र तिथेच अडकतं. बरेच एम्युलेटर (संगणकावर गेम बॉयची नक्कल करणारे प्रोग्राम) ही तपासणी वगळतात, म्हणून संगणकावर चाललेला रॉम (गेमची फाइल) खऱ्या यंत्रावर गोठतो.

बेरीज अशी काढा: शून्यापासून सुरू करून ०१३४ ते ०१४सी मधला प्रत्येक बाइट वजा करा, दरवेळी आणखी १ वजा करा. खालचे ८ बिट ०१४डी वर ठेवा. आरजीबीफिक्स या हेडर दुरुस्त करणाऱ्या साधनाला '-व्ही' पर्याय दिला की लोगो आणि बेरीज दोन्ही भरले जातात. हाताने करत बसू नका.

कोड ०१०० वर सुरू होतो, पण तिथे जागा फक्त ४ बाइट: एक नॉप (काहीच न करणारी सूचना) आणि ०१५० कडे ३ बाइटची जंप (दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सूचना). जंप विसरलात तर प्रोसेसर लोगोलाच सूचना समजून चालवतो.

बूट रॉम स्क्रीन चालूच ठेवून जातो. ती बंद करण्याआधी एफएफ४४ मधला आकडा (सध्याच्या ओळीचा क्रमांक) १४४ (दशमान) होईपर्यंत, म्हणजे सगळ्या ओळी रेखाटून होईपर्यंत थांबा, मगच एफएफ४० (स्क्रीनचं नियंत्रण) मध्ये शून्य लिहा. ओळी रेखाटल्या जात असताना बंद केल्यास पडद्याला कायमची इजा होऊ शकते.