कॉमिक वाचून तंद्री कशी लावायची

सगळ्याच कॉमिक्सने हे होत नाही हां, विनोदी स्ट्रिप वाचून फारतर हसाल. सुरुवात बिनसंवादाच्या कॉमिकपासून करा, फ्रेंच कॉमिक चित्रकार मोबियसचं १९७५ चं 'आर्झाक' बघा, त्यात कोणी बोलतच नाही त्यामुळे आपल्या डोक्यातली बडबडपण हळूहळू थंडावते. फोन लांब ठेवा. आणि लगेच वाचत सुटू नका, आधी अख्खं पान नुसतं बघा, मग दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेवर थांबा, खरी गंमत तिथेच आहे कारण मधे काय घडलं ते कोणी काढलेलंच नसतं, ते आपलं डोकं स्वतः जोडतं, आणि हे सावकाश केलं ना की किती वेळ गेला तेच कळत नाही.

लेखक अॅलन मूर आणि चित्रकार जे. एच. विल्यम्सचं 'प्रोमेथिया' (१९९९ ते २००५) म्हणजे पुढची पायरी, त्यात एक सीन चक्क मोबियस पट्टीवर काढलाय (म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी, वरचा चित्रकार मोबियस वेगळा!), पात्रं त्यावर गोल गोल फिरत राहतात आणि आपण अंक उलटासुलटा करत बसतो.

फक्त झोपायच्या आधी नको, मला डोळे मिटल्यावरपण चौकटीच दिसत होत्या.