घरच्या लॅपटॉपवर नेटवर्कची लॅब: जीएनएस-थ्री नीट कसं लावायचं

ठाणे स्टेशनजवळ सीसीएनएचा (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) क्लास लावलाय, पुढे ऐरोली-महापेला नोकरी बघायचीय, तर घरी लॅब लागणारच, आणि खरे राउटर आणून ठेवायला वन बीएचकेत ना जागा ना खिशात पैसे. मग सॉफ्टवेअरच. फक्त आधी ठरवा काय करायचंय. व्हीलॅन (एका स्विचचे वेगवेगळे भाग पाडणं), स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेले रस्ते), साधं ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) एवढंच असेल तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर बस झालं, नेटअॅकॅडचं (सिस्कोची शिकायची साइट) अकाउंट काढलं की फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पण ते सिम्युलेटर आहे, त्यात जेवढ्या कमांड घातल्यात तेवढ्याच चालणार. जीएनएस-थ्रीत राउटरचं खरं सॉफ्टवेअर बूट होतं, म्हणून रॅम आणि सीपीयू पण खराच खातं. पुढचं सगळं त्याबद्दल.

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात: बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलंय का ते बघा, मग व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो टाका (ते आता फुकट आहे), आणि त्यात जीएनएस-थ्रीची स्वतःची व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर). विंडोजवरचं जीएनएस-थ्री आणि ती व्हीएम, दोघांचं व्हर्जन शेवटच्या आकड्यापर्यंत सेम पाहिजे, नाहीतर ते एकमेकांशी बोलतच नाहीत. व्हीएम चालू झाली की स्क्रीनवर केव्हीएम सपोर्टची (सीपीयूचं व्हर्च्युअलायझेशन व्हीएमला मिळतंय का) एक ओळ येते, तिथे ट्रू दिसलं पाहिजे. फॉल्स दिसलं तर पुढे जाऊच नका, राउटर बूट व्हायला एवढा वेळ घेईल की चहा करून, पिऊन, कप धुवून याल. विंडोज ११ वर बहुतेक वेळा कारण एकच, हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल-टू किंवा सिक्युरिटीतलं मेमरी इंटिग्रिटी चालू असतं आणि ते व्हर्च्युअलायझेशन अडवून बसतं. स्वतःचा लॅपटॉप असेल तर बंद करून रीस्टार्ट मारा, ऑफिसचा असेल तर हात लावू नका, आयटीवाल्यांना विचारा.

आता रॅम. अंथरूण पाहून टोपॉलॉजी (राउटर-स्विचची मांडणी) पसरायची. १६ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएमला ८ द्या, बाकी विंडोज आणि क्रोमला राहू देत. आयओएसव्हीचा (सिस्को राउटरचं व्हर्च्युअल रूप) एक राउटर ५१२ एमबी घेतो, त्याचा लेयर-टू स्विच ७६८ एमबी ते १ जीबी, आणि सीएसआर-१०००व्ही (सिस्कोचाच मोठा व्हर्च्युअल राउटर) एकटाच ३-४ जीबी गिळतो. हा हिशोब कागदावर करा आणि मगच नोड (राउटर, स्विच वगैरे) ओढा. इमेज (राउटरच्या सॉफ्टवेअरची फाइल) कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून उचलू नका, एकतर लायसन्सचा घोळ आणि वर आत काय भरलंय देव जाणे. सिस्कोच पाहिजे तर सीएमएलची (सिस्कोचं स्वतःचं लॅब सॉफ्टवेअर) फुकट आवृत्ती आहे, पाच नोडपर्यंत चालते, आणि नुसतं राउटिंग शिकायला एफआरआर किंवा व्हीवायओएस (दोन्ही ओपन-सोर्स राउटर सॉफ्टवेअर) छान आहे.

सिस्कोच्या जुन्या ३७२५ किंवा ७२०० राउटरच्या इमेज डायनामिप्सवर (जीएनएस-थ्रीतला जुन्या राउटरची नक्कल करणारा भाग) चालतात, त्यांना आयडल-पीसी (राउटर रिकामा कधी आहे ते ओळखायचा आकडा) लावल्याशिवाय एक राउटर सीपीयूचा एक कोर पूर्ण खातो, तो रिकामा बसलेला असला तरी. राउटर एकटाच चालू करा, कन्सोलवर प्रॉम्प्ट येऊन बूटचे मेसेज थांबू देत, मग राइट क्लिक करून आयडल-पीसी शोधायला सांगा आणि यादीतला स्टार लावलेला आकडा निवडा. बाजूच्या सर्व्हर समरीत सीपीयू धाडकन खाली आला पाहिजे, नाही आला तर दुसरा आकडा. एका इमेजला एकदा केलं की झालं.

नावं मात्र आर-१, आर-२ ठेवू नका, दोन दिवसांनी काहीच आठवत नाही. मी ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं वापरतो: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, आणि तुर्भेला फाटा, एक वाशीकडे एक नेरूळकडे (दिघा गाववाल्यांनी रागावू नका, रॅम कमी पडली). ठाण्याचा लूपबॅक (राउटरचा आतला, कायम चालू पत्ता) १.१.१.१, ऐरोलीचा २.२.२.२, त्यांच्यामधली लिंक १०.०.१२.०, पुढची १०.०.२३.०, म्हणजे ट्रेसराउट मारला की पॅकेट कुठे अडकलं ते आकड्यावरूनच कळतं. सगळे नोड एकदम स्टार्ट करू नका, दोन-दोन करून करा.

प्रत्येक बदलानंतर डब्ल्यूआर (कॉन्फिग सेव्ह करायची कमांड) मारा. प्रोजेक्ट सेव्ह झाला म्हणजे राउटरचा कॉन्फिग सेव्ह झाला असं नाही, तो मेमरीतच असतो, आणि पावसात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. व्हीपीसीएसमध्ये (जीएनएस-थ्रीतला छोटा नकली पीसी) पण आयपी दिल्यावर सेव्ह टाइप करावं लागतं, हे नव्वद टक्के लोक विसरतात. मोठा बदल करायच्या आधी नोड बंद करून स्नॅपशॉट घ्या.

लॅबला इंटरनेट पाहिजे असेल तर नॅट नोड वापरा, तो १९२.१६८.१२२ चे आयपी देतो, म्हणून ती रेंज लॅबमध्ये दुसरीकडे घेऊ नका, आणि घरच्या वायफाय राउटरची रेंज पण नाही. क्लाउड नोड (लॅब बाहेरच्या खऱ्या नेटवर्कला जोडणारा) वायफायवर धड चालत नाही, वायर लागते. ऑफिसच्या वायरला तर लॅब अजिबात जोडू नका, तुमच्या राउटरचं डीएचसीपी शेजारच्या टेबलवाल्याला आयपी वाटायला लागेल किंवा तुमच्या स्विचचा बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात तो मेसेज) गेला आणि तिथे गार्ड लावलेलं असेल तर पोर्टच बंद होईल, मग सगळा फ्लोअर तुमच्याकडे बघणार.

स्पीड मोजायला ही जागा नाही. खऱ्या स्विचमधली पॅकेट ढकलणारी चिप इथे नसतेच, सगळं तुमचा सीपीयू करतो. मायक्रोटिकच्या फुकट सीएचआरवर (त्यांचा व्हर्च्युअल राउटर) १ एमबीपीएसच मिळतं म्हणून लोक रडतात, अरे ती लायसन्सची मर्यादा आहे, तुमचं कॉन्फिग बरोबर आहे. त्यापेक्षा लिंकवर राइट क्लिक करून पॅकेट फिल्टरमध्ये डिले आणि लॉस टाका, त्याच लिंकवर वायरशार्क (पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर) उघडा आणि ओएसपीएफचे हॅलो यायचे थांबले की ४० सेकंदांनी शेजारचा राउटर कसा पडतो ते डोळ्यांनी बघा.

मित्राला प्रोजेक्ट द्यायचा असेल तर पोर्टेबल एक्सपोर्ट करा, पण बेस इमेज सोबत घालायचा पर्याय बंद ठेवा, फाइल छोटी होते आणि लायसन्सचं पण झंझट नाही, आणि त्याला आधी विचारून घ्या तो कुठल्या व्हर्जनवर आहे, कारण नव्या व्हर्जनमधला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही.