कीड नियंत्रणाचं मॉडेल बांधताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या गणिताच्या विद्यार्थ्याला कीड नियंत्रण हा घरचाच विषय. तरीही प्रकल्पात समीकरण आधी येतं आणि कीड मागून. बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

फवारणीने फक्त कीड मरते असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. महाराष्ट्रात उसावरचा लोकरी मावा पहिल्यांदा दिसला तो २००२ च्या जुलैमध्ये, सांगली जिल्ह्यातच. पानाच्या मागे पांढरा कापसासारखा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. तो थर काडीने हळूच बाजूला केला की आत कधी मावा खात बसलेली डिफा या पतंगाची अळी सापडते. मावा पुढे आटोक्यात आला त्यात डिफा, मायक्रोमस, एन्कार्सिया या मित्रकीटकांचा मोठा वाटा आहे. फवारणीची वजाबाकी फक्त माव्याच्या समीकरणात केली, तर ही अळी कागदावर जगते आणि शेतात मरते.

लोटका-व्होल्टेराचं मॉडेल, म्हणजे भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्या एकमेकींवर कशा अवलंबून असतात ते सांगणारी दोन समीकरणं, घेऊन बघा. आकडे केवळ समजण्यापुरते: माव्याचा वाढीचा दर दिवसाला ०.२, मित्रकीटकांचा मृत्युदर ०.१, शिकारीचा गुणांक ०.०१, खाल्लेल्या माव्यातून मित्रकीटक वाढण्याचा गुणांक ०.००२. समतोलाला, म्हणजे दोघांच्या संख्या स्थिर राहतात तिथे, मावा ०.१ ÷ ०.००२ = ५० आणि मित्रकीटक ०.२ ÷ ०.०१ = २०. आता दोघांनाही ०.०५ दराने मारणारी फवारणी घाला. मावा (०.१ + ०.०५) ÷ ०.००२ = ७५, मित्रकीटक (०.२ − ०.०५) ÷ ०.०१ = १५. औषधाला पैसे घालून मावा दीडपट! व्होल्टेराने १९२६ मध्येच हे गणित मांडलं होतं. 'हे मॉडेल फार साधं आहे' असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पण माव्याला पानावरच्या जागेची मर्यादा घातली तरी, मित्रकीटक टिकून आहेत तोवर, माव्याचा समतोल त्यांच्याच समीकरणातून ठरतो. तो ७५ च राहतो.

प्रत्येक किडीला तेच घड्याळ लावणं

हुमणी म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी; तिची वर्षाला साधारण एकच पिढी. तिथे सलग काळाचं समीकरण नको, वर्षागणिक पायरी घ्या. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून बाभळी-कडुनिंबावर जमतात. मादीमागे ६० अंडी आणि त्यातली ५ टक्के भुंगेऱ्यापर्यंत पोचतात असं धरलं, तर ३ भुंगेरे, त्यात दीड मादी. म्हणजे दरवर्षी दीडपट. अंडी घालण्याआधी एक तृतीयांश माद्या वेचल्या की गुणक १ वर येतो. त्याच माद्या अंडी घालून झाल्यावर सापळ्यात सापडल्या, तर मॉडेलमध्ये त्यांची किंमत शून्य. म्हणून 'किती मारले' या आकड्याशेजारी 'कधी मारले' हेही हवंच. शिवाय शेजारच्या रानातून उडून येणारे भुंगेरे धरले नाहीत, तर एकट्याने केलेली वेचणी उत्तरात खोटी यशस्वी ठरते; गावाने मिळून का वेचायचं, ते हे पद घातल्यावरच दिसतं.

आणि हा 'निम्म्या माद्या'चा गुणाकार माव्याला लावू नका. तिथे नराशिवायच पिल्लं होतात.

संख्या उणे आली तर

दोन ठिकाणी बघा. फवारणी म्हणून रोज ठरावीक संख्या वजा केली असेल, तर ती वजाबाकी काढून टाका आणि त्या वेळी असलेल्या किडींचा ठरावीक हिस्सा मरतो असं लिहा. एका दिवसाची फवारणी त्या दिवशीच एकदम घाला. तरीही उणे आली तर संगणकातली काळाची पायरी निम्मी करून परत चालवा.

सरासरीवर भरवसा

मावा रानभर सारखा पसरत नाही, ठिकाणाठिकाणी पुंजके धरतो. बांधालगतची दहा पानं मोजून काढलेली सरासरी मॉडेलला दिली की उत्तरही बांधापुरतंच येतं. वेगवेगळ्या सऱ्यांतली पानं मोजा आणि विचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीपेक्षा बरंच मोठं निघालं तर प्वासाँ वितरण, ज्यात ही दोन्ही सारखी असतात, सोडून पुंजक्यांना चालणारं ऋण द्विपद वितरण घ्या. शून्य मावा असलेली पानंही वहीत लिहा. ती गाळली की सरासरी फुगते आणि गरज नसताना फवारणीचा सल्ला निघतो.