पेडल खाली जाते म्हणून डिस्क बसवू नका: जुन्या गाड्यांच्या ब्रेकबाबत या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी ॲम्बॅसॅडर जपणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते: ड्रम ब्रेकवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून दाबणारा ब्रेक) भरवसा नाही, पुढच्या चाकांना डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जाणारी उघडी चकती) बसवायला हवेत. डिस्क ब्रेक लवकर थंड होतो आणि पाण्यातून बाहेर पडताच पकडतो, हे खरे आहे. परंतु अनेकदा दोष ड्रमच्या रचनेत नसून देखभालीत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पेडल खोल जाऊ लागताच एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपातील हवा, काढून मोकळे होणे. गाडी उभी असताना पेडल एकदा दाबून सोडावे आणि लगेच पुन्हा दाबावे. दुसऱ्या वेळी ते वर येऊन घट्ट लागत असेल, तर बहुधा झिजलेला लायनर (ड्रमला आतून घासणारा थर) आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढलेले असते आणि ॲडजस्टमेंट पुरेशी ठरते. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर पाइपात हवा असण्याची शक्यता अधिक. पाय एकसारखा दाबून धरला असताना ते हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल पाइपात ढकलणारा भाग) रबरी कप गेलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. ब्रेकचे एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग, असलेल्या गाडीत ही गळती चारही चाकांचा ब्रेक घालवू शकते, म्हणून अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये.

वरंध घाट उतरताना पेडल खोल गेले आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत झाले, तर कारण निराळे असते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो आणि लायनरची पकडही कमी होते. उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याचा जुना उपाय मात्र करू नये, कारण त्याने ड्रमला तडा जाऊ शकतो.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर व्हील सिलिंडर (चाकापाशी लायनर ड्रमवर दाबणारा भाग) आणि मागच्या ॲक्सलचे ऑइल सील आधी तपासावे. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने पुसून परत बसवणे व्यर्थ आहे. आत मुरलेले तेल उष्णतेने पुन्हा वर येते. लायनर बदलायचे तर एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत. ब्रेकचे रबरी भाग रॉकेलमध्ये धुऊ नयेत, ते फुगतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये.

एवढे करूनही डिस्कच हवे असतील, तर केवळ डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणून काम भागत नाही. ड्रममध्ये चाक फिरण्याच्या दिशेने दाबला जाणारा लायनर ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो; डिस्कच्या पॅडला ही मदत मिळत नाही, त्यामुळे त्याला बराच जास्त दाब लागतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेल्या गाडीत नुसते डिस्क बसवले, तर पेडल दगडासारखे लागते आणि चालकाला वाटते की ब्रेक दणकट झाला, प्रत्यक्षात गाडी थांबायला पूर्वीपेक्षा अधिक अंतर लागू शकते. शिवाय ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापते. पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाणही पुन्हा जुळवावे लागते, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. माझ्या मते, हे सर्व करून देणारा जाणकार मिस्त्री हाताशी नसेल, तर व्यवस्थित ॲडजस्ट केलेले मूळचे ड्रमच बरे.

पावसाळाभर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण गंजामुळे लायनर ड्रमला चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. चाक चिकटलेच असेल, तर इंजिनच्या जोरावर गाडी रेटू नये, त्यात लायनर पत्र्यावरून उखडतो. ड्रमच्या कडेला लाकडी हातोड्याने हलके ठोके देऊन तो सोडवावा.